एका काडतुसाची रायफल
(जुन्या बंदुकांची गोष्ट : भाग 6)

नांदेडकडून आलेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक हदगाव, उमरखेड करत नागपूरकडे जातो, दुसरा कळमनुरीवरून हिंगोलीला. हिंगोली म्हणजे जुनी लष्करी छावणी. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटचे हे ठाणे 1903 पर्यंत होते. अशा छावण्यांतल्या देशी शिपायाच्या हाती कोणती बंदूक द्यायची, यामागे एक पक्के राजकारण होते.

मागचा भाग 1853 च्या ठासणीच्या एन्फिल्डपाशी थांबला होता. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, घोड्याखाली केप बसवायची. कसलेला शिपाईही मिनिटाला तीनच बार काढी. अमेरिकन जेकब स्नायडरने यावर तोड काढली. नळीचा मागचा भाग कापून तिथे बाजूला उघडणारे झाकण बसवले आणि काडतूस मागून भरण्याची सोय केली. 1866 मध्ये ब्रिटिश सैन्याने ही रचना घेतली. बार मिनिटाला दहापर्यंत गेले, आणि नव्या बंदुकांऐवजी जुन्याच एन्फिल्ड बदलून घेतल्याने खर्चही वाचला. म्हणूनच एखाद्या स्नायडरच्या घोड्यालगतच्या पट्टीवर 1862 सारखे साल दिसले, तर ती नकली समजू नये. बंदूक आधीची, झाकण नंतरचे.

याच काळात उलट दिशेची ‘सुधारणा’ही चालू होती.

1857 च्या उठावानंतर देशी पलटणींसाठी एन्फिल्डच्या नळीतल्या पेचदार खाचा काढून ती आतून गुळगुळीत केली गेली. या खाचा गोळीला फिरकी देतात, त्यांच्यामुळेच नेम दूरवर टिकतो. म्हणजे चांगली रायफल मुद्दाम अधू केली. पुढेही एक पिढी मागची बंदूक देण्याचे धोरण राहिले. त्याची किंमत 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदला दिसली. तिथे गोऱ्या 66 व्या पलटणीकडे 1871 ची मार्टिनी-हेन्री होती. दांडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर. त्याच रणात मुंबई सैन्याचे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स मात्र स्नायडर घेऊन उभे होते. पराभवाची कारणे अनेक होती, पण एकाच फौजेत दोन दर्जाची हत्यारे देणे हा अन्यायच होता.

देशी शिपायाबद्दलचा हा संशय पोलिसांच्या मस्केटपर्यंत पोहोचला. लष्कराच्या ली-एन्फिल्डची नळी .410 काडतुसाजोगी केली, काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि दहा गोळ्यांची रायफल एकबारी झाली. कुणी ती पळवली तरी तिच्यात लष्करी काडतूस चालू नये, हा हेतू.

संग्राहकाने जपायचा तो हा इतिहास. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा 2003 मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा स्नायडर, मार्टिनी आणि नेपाळात घडवलेल्या गहेंद्र रायफली जगभरच्या संग्राहकांपुढे आल्या. धूळ आणि वाळलेले ग्रीस निगुतीने काढलेली बंदूक बोलते. पॉलिश मारून चकचकीत केलेली, शिक्के घासून गेलेली, नवा दस्ता लावलेली बंदूक मुकी होते.

भारतात तर कायदाही आड येतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 नुसार सूट मिळते ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला. म्हणजे अशा हत्याराला पुन्हा चालते करणे ही हौस नव्हे, गुन्हा ठरू शकतो. परवानाधारकालाही विनापरवाना नळी आखूड करता येत नाही; 2019 पासून तर वारशाच्या धरूनही दोनच बंदुका ठेवता येतात. पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद मात्र याच कायद्यात आहे. हिंगोलीच्या हळदीच्या पट्ट्यात रानडुकरांनी शेत उकरलेला शेतकरी तिचे महत्त्व जाणतो.

एकबारी रायफल आजही मैदानात आहे. पन्नास मीटर स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस भरावे लागते, आणि मार्टिनीचीच यंत्रणा छोट्या .22 काडतुसाला जुळवून बीएसए कंपनीने विसाव्या शतकात नेमबाजांना पुरवली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला याच अंतरावर जगज्जेत्या झाल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले. अशा स्पर्धांच्या रायफलीत दस्ता, गालाची पट्टी, चापाचा ताण, सारे नेमबाजाच्या अंगलटीप्रमाणे जुळवले जाते. पुढील भाग या जुळवणीवर.