रोमची नान्नारेल्ला

पीनाचं त्या दिवशी लग्न आहे. पोटात मूल आहे, पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा मार्चेल्लो सोबत आहे. जर्मन सैनिक इमारतीला वेढा घालतात, बायकापोरांना खाली अंगणात उतरवतात. अंगचटीला येणाऱ्या एका सैनिकाचा हात पीना फटक्यासरशी झटकून टाकते. तेवढ्यात तिला दिसतं, तिच्या फ्रांचेस्कोला धरून नेताहेत. त्याच्या नावानं हाका मारत ती सैनिकांची फळी फोडते, दारातून रस्त्यावर येते आणि निघालेल्या ट्रकमागे हात उंचावून धावत सुटते. गोळ्या झाडल्या जातात. ती रस्त्यावर कोसळते. स्कर्ट वर सरकलेला, पायमोज्याचा पट्टा उघडा पडलेला. पडण्याआधी चेहऱ्याचा क्लोजअप नाही, निरोपाचा संवाद नाही. सिनेमा जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो आणि जिच्यात आपला जीव गुंतला होता ती बाई संपलेली असते.

रोबेर्तो रोसेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी'मधला हा प्रसंग. घटना खरी होती. 3 मार्च 1944 रोजी रोमच्या व्हियाले ज्युलिओ चेझारे या रस्त्यावर तेरेसा गुल्लाचे नावाच्या गरोदर बाईला जर्मन सैनिकानं गोळी घातली. पकडून आणलेल्या नवऱ्याला भेटायला ती बराकीपाशी आली होती. त्या जूनमध्ये रोम मुक्त झालं आणि 1945च्या सुरुवातीला रोसेलिनीनं चित्रण सुरू केलं. चिनेचित्ता या मोठ्या स्टुडिओत तेव्हा निर्वासितांची छावणी होती, कच्ची फिल्म मिळेल तिथून मिळेल तेवढी आणायची अशी परिस्थिती. पीनाच्या भूमिकेत होती आन्ना मान्यानी, वय 36. रोमकर तिला लाडानं 'नान्नारेल्ला' म्हणत.

या एका धावण्यानं तिला जगभर पोचवलं आणि तिच्याबद्दलचं एक वाक्यही कायमचं रूढ केलं : मान्यानी अभिनय करत नाही, ती भूमिका जगते. तिला ज्वालामुखी म्हटलं गेलं, लांडगी म्हटलं गेलं, निसर्गाची शक्ती म्हटलं गेलं. हेतू कौतुकाचाच. पण या कौतुकात तिची वर्षानुवर्षांची उमेदवारी साफ पुसली जाते, आणि ते मला फार खटकतं. 'रोम, ओपन सिटी'चं बहुतेक चित्रण आवाजाविना झालं होतं. संवाद नंतर डबिंग करून भरले गेले. म्हणजे फ्रांचेस्कोच्या नावानं फोडलेली ती किंकाळी मान्यानीनं नंतर मायक्रोफोनसमोर उभं राहून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांशी जुळवून पुन्हा मारली. उन्मळून आलेला क्षण असा मागाहून, अचूक जागेवर बसवता येत नाही. त्यासाठी कसब लागतं.

हे कसब तिनं कुठे मिळवलं? जन्म 7 मार्च 1908, रोमचा. वडिलांचा पत्ता नाही, आडनाव आईचंच. आई मारीना पोरीला आजीकडे सोडून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला गेली आणि तिथेच तिनं संसार थाटला. आन्ना वाढली ती आजी आणि मावश्यांच्या घरात. 1920च्या दशकाच्या अखेरीस ती रोममधल्या एलेओनोरा दूझे यांच्या नावाच्या नाट्यशाळेत दाखल झाली. तिथून नाटक कंपन्या, गावोगावचे दौरे, मोलकरणीच्या आणि दासीच्या दोन-दोन ओळींच्या भूमिका. मग रिव्ह्यू, म्हणजे गाणी, नकला आणि चुटक्यांचे कार्यक्रम. युद्धाच्या वर्षांत ती तोतो या महान विनोदी नटाबरोबर रंगमंचावर उभी राहिली. तोतो लिहिलेल्या संहितेत फारसा थांबणारा नव्हता. समोरच्यानं त्याचा चेंडू त्याच क्षणी परतवला नाही तर समोरच्याचीच फजिती. प्रेक्षकही रोखठोक, आवडलं नाही तर तिथल्या तिथे ओरडून सांगणारा. वाक्य नेमकं कधी टाकायचं, हशा किती पिकू द्यायचा आणि तो विरायच्या आत पुढचं कसं पकडायचं, हे तिनं इथे शिकून घेतलं.

सिनेमाला मात्र ती नको होती. फॅसिस्ट राजवटीतल्या इटलीत दिवाणखान्यातल्या श्रीमंती कहाण्या चालत. त्यांत हटकून दिसणाऱ्या पांढऱ्या टेलिफोनवरून त्या पंथाला 'पांढरे टेलिफोन' असंच नाव पडलं. गुळगुळीत, गोरेगोमटे चेहरे हवे असलेल्या त्या पडद्यावर विस्कटल्या काळ्या केसांची, डोळ्यांखाली वर्तुळं असलेली ही बुटकी बाई बसणार कुठे? 1934पासून ती चित्रपटांत होती, पण कडेकडेनं. दिग्दर्शक गोफ्रेदो आलेस्सान्द्रिनीशी 1935मध्ये लग्न झालं, तरी त्यानं काही फरक पडला नाही. 1941मध्ये व्हित्तोरिओ दे सिकानं 'तेरेसा व्हेनेर्दी'त तिला बऱ्यापैकी भूमिका दिली. लुकिनो व्हिस्कोंतीला 'ओस्सेस्सिओने'ची नायिका म्हणून तीच हवी होती, पण ती गरोदर होती आणि भूमिका क्लारा कालामाईकडे गेली. 1942च्या ऑक्टोबरात मुलगा झाला, लूका. नवऱ्यापासून ती तोवर वेगळी झाली होती, मुलाचा बाप मास्सिमो सेरातो हा नट. तिनं मुलाला स्वतःचं आडनाव दिलं. पुढे लहानपणीच लूकाला पोलिओ झाला आणि त्याचे पाय गेले. तिच्या आयुष्यात यानंतर पुरुष आले-गेले. लूकाची काळजी अखेरपर्यंत राहिली.

'रोम, ओपन सिटी'ला 1946च्या कान महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. 1952च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यातही तो होता. आपल्याकडे त्या महोत्सवाची आठवण निघते ती 'बायसिकल थीव्ह्ज'साठी, कारण बिमल रॉयच्या 'दो बिघा जमीन'शी त्याचा धागा जोडता येतो. मान्यानीची पीनाही त्याच खेळांत मुंबईच्या पडद्यावर धावून गेली होती, हे फारसं कुणी बोलत नाही.

रोसेलिनी आणि मान्यानी यांचं प्रेम वादळी होतं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे त्यात शिरत नाही. मला त्यातून निपजलेलं काम महत्त्वाचं वाटतं. 1948च्या 'लामोरे' या चित्रपटात दोन कथा आहेत. पहिली झाँ कोक्तोच्या एकांकिकेवरून घेतलेली : एक खोली, एक फोन आणि सोडून जाणाऱ्या प्रियकराशी बोलणारी एकटी बाई. अर्ध्या तासाहून जास्त वेळ पडद्यावर फक्त मान्यानी. दुसरी कथा 'चमत्कार'. शेळ्या राखणारी भोळी नान्निना एका वाटसरूला संत जोसेफ समजते. वाटसरू झालाय तरुण फेडेरिको फेलिनी, केस सोनेरी रंगवून. तो तिला दारू पाजतो. पुढे तिला दिवस जातात आणि ती ते देवाचं देणं मानते. गाव तिची धिंड काढतं, आणि ती डोंगरावरच्या चर्चच्या आसऱ्याला जाऊन एकटीच बाळंत होते. न्यूयॉर्कमध्ये या कथेवर धर्मनिंदेचा ठपका ठेवून बंदी आली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1952मध्ये न्यायालयानं निकाल दिला की सिनेमालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. 1915पासून तिथे सिनेमा हा निव्वळ धंदा मानला जात होता. 'लामोरे'च्या सुरुवातीला रोसेलिनीनं पाटी टाकली आहे : हा चित्रपट आन्ना मान्यानीच्या कलेला वाहिलेला आहे. तिला सगळ्यांत जवळून पाहिलेल्या दिग्दर्शकानं शब्द वापरला तो कलेचा.

त्यानंतर रोसेलिनी इन्ग्रिड बर्गमनकडे गेला. 1949च्या उन्हाळ्यात सिसिलीजवळच्या दोन शेजारच्या बेटांवर दोन चित्रपट एकाच वेळी चालू होते : स्ट्रॉम्बोलीवर रोसेलिनी आणि बर्गमन, वुल्कानोवर मान्यानी. वर्तमानपत्रांना पर्वणीच होती. 'वुल्कानो' फारसा चांगला उतरला नाही, आणि मान्यानीला या तमाशातून बाहेर काढलं ते व्हिस्कोंतीच्या 'बेलिसिमा'नं.

1951चा 'बेलिसिमा' हा तिचा सर्वोत्तम चित्रपट, असं माझं मत आहे. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी मद्दालेना आपल्या लहानग्या मारीयाला सिनेमात घालायचं वेड घेते. चिनेचित्तात निवड चाललेली असते. नाचाची शिकवणी, फ्रॉक, फोटो यांत गाठीचे पैसे उडतात. वशिल्याच्या नावाखाली एक लफंगा पन्नास हजार लिरा उकळतो आणि त्यातून स्कूटर घेतो. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मद्दालेना आरशासमोर केस विंचरतेय आणि स्वतःशीच विचार करतेय, अभिनय म्हणजे तरी काय? मी दुसरीच कुणी आहे असं मानलं, की झाला अभिनय. 'ती नुसती जगते' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. अभिनय काय ते माहीत नसलेल्या बाईचा अभिनय इथे एक मुरलेली नटी करतेय, कंगवा एकदाही न अडखळता. पुढे मद्दालेना चोरून प्रोजेक्शनच्या खोलीतून लेकीची स्क्रीन टेस्ट बघते. पडद्यावर पोर भेदरून रडतेय आणि खाली बसलेली सिनेमावाली मंडळी पोट धरून हसताहेत. मान्यानीच्या चेहऱ्यावरचा अभिमान आधी गोंधळतो, मग गोठतो, आणि तिला कळतं की आपणच पोरीला इथे आणलंय. चेहरा जवळजवळ हलत नाही. पुढे करार चालून येतो तेव्हा ती नाही म्हणते.

नाटककार टेनेसी विल्यम्सनं 'द रोझ टॅटू' हे नाटक तिच्यासाठीच लिहिलं होतं. ब्रॉडवेवर रोज रात्री इंग्रजीत बोलायचं तिला धाडस झालं नाही, म्हणून 1951मध्ये तिथे मॉरीन स्टेपलटन उभी राहिली. 1955च्या चित्रपटात मात्र बर्ट लँकेस्टरसमोर मान्यानीच आली आणि 1956चं ऑस्कर तिला मिळालं; अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन. समारंभाला ती गेलीच नव्हती. रोममध्ये फोनवरून बातमी कळली तेव्हा तिचा विश्वास बसेना. पुढच्या हॉलिवूडपटांत मार्लन ब्रँडोबरोबरचा 'द फ्युजिटिव्ह काइंड' हा एक. पण हॉलिवूडला तिच्याकडून तीच ती पेटती इटालियन बाई हवी होती, आणि ते काम तिला फार पुरलं नाही. 'टू विमेन'मध्ये सोफिया लॉरेनच्या आईची भूमिका तिला देऊ केली होती. ती तिनं नाकारली, मग लॉरेनच आई झाली आणि तिलाही ऑस्कर मिळालं.

1962मध्ये दिग्दर्शक पाझोलिनीनं तिला 'मामा रोमा' केलं. वेश्याव्यवसाय सोडून भाजीची गाडी लावणारी, मुलाला सभ्य माणसांत बसवायला धडपडणारी आई. पाझोलिनीला रस्त्यावरचे, न शिकलेले चेहरे आवडत आणि तो तुकड्यातुकड्यांनी चित्रण करी; मान्यानीला सलग शॉट हवा असे. दोघांचं पुरतं जुळलं नाही. पण त्यातले रात्रीचे दोन लांब शॉट बघा. कॅमेरा मागे सरकतोय, ती अंधारातून चालत येतेय, बोलतेय, हसतेय. दिव्यांच्या ठिपक्यांतून एकेक माणूस तिच्या शेजारी येतो, चार पावलं चालतो, गळून जातो. पहिल्या खेपेला ती धंदा सोडल्याच्या कैफात आहे, दुसऱ्या खेपेला पुन्हा त्याच रस्त्यावर आली आहे. चाल बदललीय, हसण्यातली हवा गेलीय. एवढ्या लांब शॉटमध्ये चालणं, बोलणं, भेटणारा माणूस आणि प्रकाश यांचा मेळ राखणं हे रिव्ह्यूच्या रंगमंचावर घासलेल्या नटीचंच काम.

नंतर सिनेमा कमी झाला, नाटक वाढलं : 1965मध्ये दिग्दर्शक झेफिरेल्लीबरोबर 'ला लूपा', मग 'मेदेआ'. 1972च्या फेलिनीच्या 'रोमा'त ती घराच्या दारात क्षणभर दिसते. फेलिनी तिला या शहराचं प्रतीक ठरवू पाहतो. ती त्याला झोपायला जा म्हणते आणि दार लावून घेते. 26 सप्टेंबर 1973 रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं ती गेली. शेवटच्या दिवसांत रोसेलिनी तिच्याजवळ होता. अंत्यविधीला पँथिऑनमागच्या सांता मारीया सोप्रा मिनेर्व्हा चर्चसमोर रोमकरांची प्रचंड गर्दी लोटली.

तिला प्रथमच पाहणाऱ्यानं 'रोम, ओपन सिटी'पासून सुरुवात करू नये. आधी 'बेलिसिमा' बघावा, मग 'लामोरे'तली टेलिफोनची कथा, आणि त्यानंतर पीनाकडे यावं. तोवर तिचे हात, तिचा श्वास आणि वाक्य मध्येच तोडायची तिची रीत ओळखीची झालेली असते, आणि ट्रकमागे धावणाऱ्या त्या बाईत किती हिशेबानं काम केलंय ते दिसू लागतं.