कूलर, करंट आणि ३० मिलिअँपियरचा आकडा

मे महिना आला की नागपुरात, आमच्या कळमन्यातही, घरोघरी कूलर सुरू होतात. लोखंडी बॉडी, टाकीत पाणी, ओले पाय. कुणी कूलर चालू ठेवूनच पाणी भरतं आणि करंट लागतो. अशा मृत्यूत कित्येकदा अंग फारसं भाजलेलंही नसतं. मग माणूस जातो कशाने?

बहुतेकदा व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनने. हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, एका लयीत आकुंचन पावतात. छातीतून गेलेला करंट ती लय मोडतो. निलय नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते.

त्यासाठी किती करंट पुरतो? आता गंमत बघा, हा प्रयोग माणसावर करताच येत नाही. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. तारेवरचा हात स्वतःहून सोडवता येतो का, हे स्वयंसेवकांवर मोजलं. सरासरी मर्यादा पुरुषांत १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपियर निघाली. फिब्रिलेशनसाठी मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे घेतले, वजनाशी त्यांचं नातं शोधलं आणि माणसासाठी अंदाज बांधला. ५० किलोच्या माणसासाठी सूत्र असं: ११६ भागिले वेळेचं (सेकंदांत) वर्गमूळ. म्हणजे एक सेकंदासाठी ११६ मिलिअँपियर. एवढ्या करंटला ९९.५ टक्के माणसं वाचावीत, असा हिशेब.

२५ वॅटचा बल्ब साधारण तेवढाच करंट घेतो! ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपियर वाहतात. घरातला १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे १६,००० मिलिअँपियरचा, यावर पडणारच नाही. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो आणि फरक ३० मिलिअँपियर झाला की क्षणात लाईन तोडतो. झटका बसतो, पण वेळ कमी मिळते. सूत्रातला वेळ इथे कामी येतो.

म्हणून संशोधनात कुठलाही आकडा दिसला की विचारा: हा कुणावर मोजला? माणसापर्यंत कोणत्या गृहीतकावर आणला?

आणि हो, पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढा. कुणी चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद, मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.