गजकर्ण, पांढऱ्या पेशी आणि मलमाची ट्यूब

पावसाळा सुरू होऊन सोयाबीनच्या निंदणीला वेग आला, की पुसेगावच्या आमच्या बाह्यरुग्ण विभागात गजकर्ण व नायट्याचे रुग्ण वाढू लागतात. दिवसभर अंगावर ओले कपडे, जांघेत व काखेत साचलेला घाम आणि घरात सर्वांना मिळून एकच टॉवेल, एवढे बुरशीला पुरेसे असते. यांतील बहुतेक रुग्णांनी आमच्याकडे येण्यापूर्वी कोणते ना कोणते मलम वापरलेले असते. "लावले की खाज थांबते, सोडले की दुप्पट होते," ही त्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. असे का होते, हे आमच्या वाचकांस व हितचिंतकांस समजावे, या हेतूने दरवर्षीप्रमाणे अहवालातील ही पाने आरोग्यशिक्षणासाठी योजिली आहेत.

बुरशीचे बीजाणू माती, कडबा, शेणखत व हवा यांत सर्वत्र असतात आणि श्वासाबरोबर ते रोज आपल्या शरीरात जातात. तरीही बहुतेकांना आजार होत नाही, याचे श्रेय रक्तातील व ऊतींमधील पांढऱ्या पेशींना आहे. १८८४ साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी डॅफ्निया या पाण्यातील सूक्ष्म जीवाच्या पारदर्शक शरीरात बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरताना आणि फिरत्या पेशी त्यांना घेरून गिळताना पाहिले. भक्षक पेशींच्या या संशोधनासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परंतु पेशी शत्रू ओळखते कशी? बुरशीची पेशी रचनेने मानवी पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. मात्र तिच्याभोवती ग्लुकन व कायटिन या पदार्थांची भिंत असते आणि तशी भिंत मानवी पेशीला नसते. १९९६ साली फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की 'टोल' नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. या कार्यासाठी हॉफमन २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. २००१ साली गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन यांनी सस्तन प्राण्यांच्या भक्षक पेशींवरील 'डेक्टिन-१' हे प्रथिन बीटा-ग्लुकन ओळखते, हे दाखवून दिले. अशा प्रथिनांस ग्राही म्हणतात. गावच्या वेशीवरील जागल्याने परका माणूस ओळखावा, तसे यांचे काम असते.

जागल्याने ओळखल्यावर दवंडी पिटावी लागते. ग्राहीला बुरशीची भिंत लागताच पेशीच्या आत 'सिक' व 'कार्ड-९' या प्रथिनांमार्फत संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडते. ती हाक ऐकून न्यूट्रोफिल पेशी रक्तातून धावत येतात. बीजाणू लहान असेल तर त्या त्याला गिळतात. बुरशीचा तंतू गिळण्यापलीकडे लांब असेल, तर स्वतःच्याच डीएनएचे जाळे त्यावर टाकतात. दुसरीकडे टी-पेशींना वर्दी मिळते. त्या इंटरल्युकिन-१७ हा संदेश देतात आणि त्वचेच्या पेशी जंतुनाशक प्रथिने बनवू लागतात. लाली, सूज व खाज ही या लढाईची बाहेरून दिसणारी खूण होय.

ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी काय होते, ते २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून दिसले. उत्तर आफ्रिकेतील काही कुटुंबांत 'कार्ड-९' जन्मतःच सदोष होते. त्यांच्यात साधे गजकर्ण त्वचेच्या खोल थरांत उतरले आणि काहींना प्राणही गमवावे लागले.

आता मलमाकडे वळू. खाजेवर झटपट गुण देणाऱ्या अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते पेशींचे संदेश दाबते. दवंडी थांबते म्हणून खाज थांबते, पण शत्रू घरातच राहतो आणि निर्धास्तपणे पसरतो. चकंदळाची स्पष्ट कड पुसट झाल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. मलम थांबविताच दडपलेला दाह उसळून येतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध केला, तो याच काळजीपोटी. त्यातच काही बुरशी नेहमीच्या औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत. २०२० साली जपानमध्ये भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या अशाच एका बुरशीचे 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नामकरण झाले.

हाच धडा २०२१ साली महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन गिरवला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण राज्यात आढळले आणि कित्येकांना डोळा वा जबडा गमवावा लागला. यांतील बहुसंख्य रुग्णांना मधुमेह होता आणि अनेकांना स्टेरॉइड दिले गेले होते. वाढलेल्या साखरेने न्यूट्रोफिल मंदावतात आणि स्टेरॉइड त्यांना आणखी दुबळे करून साखरही वाढविते. अर्थात स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे; गंभीर कोविडमध्ये त्याने अनेकांचे प्राण वाचविले. दोष अनावश्यक, अतिरिक्त व देखरेखीविना केलेल्या वापराचा आहे.

म्हणून आमची नम्र विनंती आहे, की शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचे मलम वापरू नये. आमच्याकडे येताना वापरलेली ट्यूब अवश्य सोबत आणावी. ती दाखविण्यात संकोच नसावा. डॉक्टरांनी सांगितलेले औषध खाज थांबली तरी मुदत पूर्ण होईपर्यंत घ्यावे. घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, कपडे उन्हात वाळवावेत, टॉवेल वेगळे ठेवावेत आणि मधुमेहींनी साखर नियमित तपासावी. खाज हा त्रास खराच. पण तो शरीराने दिलेला निरोपही आहे. निरोप्याचे तोंड बंद करण्याआधी निरोप काय आहे, तो ऐकून घ्यावा.