दहा जुलै : एका तारखेची क्रीडाकुंडली

खेळाडूंच्या जन्मतारखांना क्रीडाविश्वाने नेहमीच मोठा मान दिला आहे. मेजर ध्यानचंद यांची २९ ऑगस्ट ही जन्मतारीख देशाचा राष्ट्रीय क्रीडा दिन झाली, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची १५ जानेवारी ही तारीख महाराष्ट्राने राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारली, आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर दिनविशेषाच्या चौकटीत चार-पाच अशी नावे छापली जातात, ज्यांचा एकमेकांशी तारखेपलीकडे काहीही संबंध नसतो. तसा संबंध जोडायचा तर ज्योतिषाचा आधार घ्यावा लागेल, आणि तो येथे घेतलेला नाही. तरीही एका तारखेची नावे जरा सावकाश वाचली, तर एकेका खेळाच्या स्वतंत्र इतिहासात जे नजरेआड राहते ते दिसू लागते. कारण तेथे क्रिकेटपटू क्रिकेटपटूंशेजारी आणि मुष्टियोद्धा मुष्टियोद्ध्यांशेजारी असतो, तारीख मात्र कोणालाही कोणाच्याही पंगतीला बसवते. १० जुलै या तारखेच्या पंगतीत मुष्टियोद्धा जेक लामोटा, टेनिसपटू आर्थर ॲश व व्हर्जिनिया वेड आणि सुनील गावसकर ही चार मोठी नावे आहेत, आणि खेळाच्या मैदानात शिरण्याचे दरवाजे विसाव्या शतकात कोणाला कसे उघडले, याचा चार बाजूंनी घेतलेला दाखला त्यांच्या आयुष्यात सापडतो.

जन्मतारखा जुळणे हे लोकांना वाटते तितके दुर्मीळ नाही. संभाव्यताशास्त्रात, म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता मोजणाऱ्या गणिताच्या शाखेत, हा प्रश्न ‘वाढदिवसाचा विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. फुटबॉलच्या मैदानावरील दोन संघांचे बावीस खेळाडू आणि मधला पंच असे तेवीस जण घेतले, तर त्यांतील कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते, कारण तेवीस जणांतून दोघादोघांच्या २५३ जोड्या तयार होतात. जगभरच्या नामवंत खेळाडूंची संख्या पाहता प्रत्येक तारखेला अर्धा डझन मोठी नावे निघणार, हे ओघानेच आले.

तारखेचा खेळातील यशाशी खरोखर संबंध लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. १९८०च्या दशकात कॅनडातील संशोधकांच्या लक्षात आले की तेथील आइस हॉकीच्या वरच्या श्रेणीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा अधिक आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजले जात असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, अंगापिंडाने भरलेला असतो, म्हणून निवडला जातो, आणि निवडला गेला म्हणूनच त्याला पुढे चांगले प्रशिक्षण मिळते. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. १० जुलैच्या चौघांना मात्र हा नियम एकत्र बांधू शकत नाही, कारण त्यांचे देश, काळ आणि वयोगट मोजण्याच्या पद्धती सर्वस्वी भिन्न होत्या.

शिवाय नोंदलेल्या तारखेवर किती विसंबायचे, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्रात एका संपूर्ण पिढीचे वाढदिवस १ जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली, की मास्तर प्रवेशाच्या वयात बसेल अशी तारीख लिहून मोकळे होत. लामोटा यांच्या बाबतीत तारखेवर एकमत असले, तरी जन्मवर्ष काही ठिकाणी १९२१ तर काही ठिकाणी १९२२ असे आढळते. गावसकरांची १० जुलै १९४९ ही तारीख निर्विवाद आहे, पण त्या दिवशी जन्मलेले मूल कोणते, याचाच एकदा घोळ झाला होता. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात ही हकिकत आली आहे. बाळ पाहायला आलेल्या एका काकांच्या नजरेला त्याच्या डाव्या कानाच्या पाळीजवळचे बारीक छिद्र पडले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बाळ उचलले तेव्हा ते छिद्र नव्हते. रुग्णालयात धावपळ उडाली आणि खरे बाळ एका कोळिणीशेजारी शांत झोपलेले सापडले. कसोटी क्रिकेटमध्ये सर्वप्रथम १०,००० धावांचा टप्पा गाठणारा फलंदाज मुंबईच्या क्रिकेटला लाभला, त्याचे थोडे श्रेय त्या काकांच्या चौकस नजरेला द्यायला हरकत नाही.

चौघांमध्ये वयाने मोठे लामोटा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील होते आणि ‘ब्रॉन्क्सचा बैल’ याच नावाने ओळखले जात. समोरच्याचे ठोसे खात पुढे सरकत राहायचे आणि अंगाला भिडून मारायचे, ही त्यांची पद्धत. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये त्यांनी शुगर रे रॉबिन्सन यांना व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव दाखवला; रॉबिन्सननी तीन आठवड्यांतच त्याची परतफेड केली, आणि सहा लढतींपैकी पाच जिंकल्या. मिडलवेट, म्हणजे मध्यम वजनगटातील, जगज्जेतेपदाची लढत मात्र लामोटांना वर्षानुवर्षे मिळाली नाही, कारण त्या काळी अमेरिकी मुष्टियुद्धाच्या किल्ल्या गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती होत्या. १९४७ साली बिली फॉक्स यांच्याविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली त्यांनी १९६० मध्ये अमेरिकी सेनेटच्या उपसमितीसमोर दिली; त्या पराभवाच्या मोबदल्यात त्यांना विजेतेपदाच्या लढतीचे आश्वासन मिळाले होते. १६ जून १९४९ रोजी त्यांनी मार्सेल सेर्दां या फ्रेंच विजेत्याला हरवून ते पद मिळवले. परतीच्या लढतीसाठी निघालेले सेर्दां त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात मरण पावले. १४ फेब्रुवारी १९५१ रोजी रॉबिन्सन यांनी तेराव्या फेरीत लामोटांकडून पद हिरावून घेतले. पंचाने लढत थांबवली तेव्हा लामोटा रक्तबंबाळ होते, पण उभे होते. १९८० सालच्या ‘रेजिंग बुल’ चित्रपटाने त्यांचे नाव खेळापलीकडे नेले, तरी हरण्याची किंमत देऊन जिंकण्याची संधी विकत घ्यावी लागणे, हा भाग क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

आर्थर ॲश १९४३ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे जन्मले, तेव्हा तेथील दरवाजा वर्णाचा होता. वडील कृष्णवर्णीयांसाठी राखीव असलेल्या ब्रुक फील्ड या क्रीडांगणाचे रखवालदार होते आणि घर त्याच आवारात असल्याने टेनिसचे कोर्ट मुलाच्या अंगणातच होते; परंतु गावातील गोऱ्या मुलांच्या स्पर्धांत त्याला प्रवेश नव्हता. डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी लिंचबर्ग येथे त्याला घडवले. टेनिसपटू अल्थिया गिब्सन यांना मार्गदर्शन करणारेही तेच. जॉन्सन यांची शिकवण अशी की रेषेच्या थोडा बाहेर पडलेला चेंडूही आत पडला असे मानून खेळायचे, म्हणजे काळ्या मुलाने लबाडी केली असे म्हणायला कोणाला जागा राहणार नाही. ॲश यांचा पुढे गाजलेला शांतपणा हा स्वभावापेक्षा या तालमीचा परिणाम अधिक होता, असे मानायला जागा आहे.

व्हर्जिनिया वेड १९४५ साली इंग्लंडमधील बोर्नमथ येथे जन्मल्या. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते आणि त्यांच्या नेमणुकीमुळे कुटुंब दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला गेले. वेड तेथेच टेनिस शिकल्या आणि पंधराव्या वर्षी इंग्लंडला परतल्या. ज्या देशात त्यांना रॅकेट हाती मिळाली, त्या देशाने वर्णभेदाच्या धोरणापायी ॲश यांना १९६९ आणि १९७० मध्ये प्रवेशपरवाना नाकारला. अखेर १९७३ मध्ये तो मिळाला, तेव्हा प्रेक्षकांची बैठक वर्णानुसार वेगळी नसावी अशी अट घालून ॲश जोहान्सबर्गला खेळले, एकेरीत अंतिम फेरी गाठली आणि दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

या दोघांची तारीख एकत्र येते ती १९६८च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर. त्या वर्षी टेनिसचे ‘खुले युग’ सुरू झाले होते. तोपर्यंत मोठ्या स्पर्धांत केवळ हौशी, म्हणजे खेळण्याबद्दल उघडपणे पैसे न घेणारे खेळाडू उतरू शकत आणि व्यावसायिकांना बाहेर ठेवले जाई. आता दोघांनाही प्रवेश मिळाला. पहिल्या खुल्या अमेरिकन स्पर्धेत महिला एकेरी वेड यांनी बिली जीन किंग यांना ६-४, ६-२ असे नमवून जिंकली आणि पुरुष एकेरी ॲश यांनी हॉलंडच्या टॉम ओकर यांना पाच सेटमध्ये हरवून. एका नव्या युगातील पहिल्या अमेरिकन स्पर्धेची दोन्ही विजेतेपदे १० जुलैला जन्मलेल्यांकडे गेली, ही गोष्ट विलक्षण खरी. पण पैशाचा हिशेब त्याहून बोलका आहे. पुरुष विजेत्याचे बक्षीस १४,००० डॉलर होते, महिला विजेतीचे ६,०००. अमेरिकी लष्करात लेफ्टनंट असलेले ॲश हौशी म्हणून नोंदलेले असल्याने त्यांना १४,००० घेता आले नाहीत. त्यांच्या वाट्याला रोजचा २० डॉलर भत्ता आला आणि बक्षिसाची रक्कम हरलेल्या ओकरना मिळाली. दरवाजा उघडला होता, पण उंबरठा तसाच होता.

गावसकरांच्या वाट्याला यांपैकी कोणताच अडथळा आला नाही, हे मान्य केले पाहिजे. घरात क्रिकेट होते. मामा माधव मंत्री भारताकडून यष्टिरक्षक म्हणून खेळले होते. त्यांच्या संग्रहातील एक टोपी मागणाऱ्या भाच्याला त्यांनी ती स्वतःच्या खेळाने मिळवायची असते असे सांगितले, आणि ही एवढी अट वगळता वाट मोकळी होती. मुंबईत कंपन्या क्रिकेटपटूंना नोकरी देत आणि आपल्या संघातून खेळवत. गावसकर निरलॉनमध्ये होते. हौशी आणि व्यावसायिक यांमधला हा मधला मार्ग टेनिसला सापडला नव्हता. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, त्यांत शेवटच्या कसोटीतील १२४ आणि २२० यांचा समावेश होता.

१९७५च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये चार आठवड्यांच्या अंतराने या तारखेचे दोन टोकाचे प्रसंग घडले. ७ जून रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर पूर्ण डाव खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. त्या संथपणाचे समाधानकारक स्पष्टीकरण आजवर मिळालेले नाही, आणि क्रिकेटच्या कोणत्याही हिशेबात ती खेळी समर्थनीय ठरत नाही. ५ जुलै रोजी विम्बल्डनच्या मध्यवर्ती कोर्टवर ॲश यांनी मात्र संथपणाच शस्त्र म्हणून वापरला. समोर गतविजेते जिमी कॉनर्स होते, ज्यांनी अंतिम फेरीपर्यंत एकही सेट गमावला नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान फटक्यातील जोर उसना घेऊन तो दुप्पट परत करणे हे कॉनर्स यांचे बलस्थान. एरवी स्वतः जोरकस खेळणाऱ्या ॲश यांनी त्या दिवशी तो जोरच काढून घेतला: दोन हातांच्या बॅकहँडकडे, बाहेर वळत जाणारी सर्व्हिस, फोरहँडकडे खाली राहणारे मऊ चेंडू, आणि कॉनर्स जाळ्याशी धावले की डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच टोलवलेला चेंडू. बाजू बदलताना ते खुर्चीत डोळे मिटून बसत. पहिले दोन सेट ६-१, ६-१ असे संपले. तिसरा कॉनर्स यांनी ७-५ असा घेतला, चौथ्यातही ते पुढे गेले, पण ॲश यांनी डावपेच बदलले नाहीत आणि तो सेट ६-४ असा जिंकला. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. बत्तिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

दोन वर्षांनी, १ जुलै १९७७ रोजी, वेड यांनी बेट्टी स्टोव्ह यांना ४-६, ६-३, ६-१ असे हरवून विम्बल्डन जिंकले, तेव्हा त्यांचाही बत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. स्पर्धेचे शताब्दी वर्ष, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव आणि स्वतः राणी प्रेक्षागारात. त्यामुळे या विजयाची चर्चा राष्ट्रीय सोहळा म्हणूनच अधिक झाली, आणि गणित व पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या, दशकभर मोक्याच्या क्षणी कच खाते अशी टीका ऐकलेल्या खेळाडूने तिशीनंतर आपला खेळ कसा सावरला, हा खरा विषय मागे पडला.

यादीतील इतर नावे थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. बेसबॉलमध्ये हॅल मॅकरे यांचा जन्म वेड यांच्याच दिवशी, १९४५ साली झाला, तर आंद्रे डॉसन १९५४चे. मॉन्ट्रियलच्या कृत्रिम हिरवळीने गुडघे खिळखिळे झाल्यावर नैसर्गिक गवताच्या मैदानासाठी डॉसननी १९८७ मध्ये शिकागो कब्ज संघापुढे रकमेची जागा कोरी सोडलेला करार ठेवला, आणि त्याच हंगामात तळाला राहिलेल्या संघातून लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. फुटबॉलमध्ये जर्मनीचे मारियो गोमेझ आणि दक्षिण कोरियाचे पार्क चू-यंग हे दोघे १० जुलै १९८५ या एकाच दिवशी जन्मले; २०१२च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकाच्या सामन्यात जपानविरुद्ध गोल करणाऱ्या पार्क यांना त्या पदकामुळे सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळाली.

ॲश यांच्यावर १९८३ मध्ये हृदयाची दुसरी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दिलेल्या रक्तातून त्यांना एचआयव्हीचा संसर्ग झाला आणि ६ फेब्रुवारी १९९३ रोजी ते वारले. त्यापूर्वी त्यांनी ‘अ हार्ड रोड टू ग्लोरी’ हा आफ्रिकी-अमेरिकी खेळाडूंचा तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला होता. विजेत्यांच्या यादीत ज्यांना शिरूच दिले गेले नाही अशांची नोंद घेणारे ते काम स्वतः एका विजेत्याने करावे, याचे मोल मोठे आहे. १० जुलै १९९६ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, रिचमंडच्या मॉन्युमेंट ॲव्हेन्यूवर त्यांचा पुतळा उभारला गेला. या रस्त्यावर तोवर अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी सेनानींचे पुतळे होते, त्यामुळे वाद झाला; काही गोऱ्या रहिवाशांचा विरोध होता, तर त्या पंगतीत ॲश नकोत असे म्हणणारे कृष्णवर्णीयही होते, आणि त्यांच्या पत्नीनेही जागेबद्दल नापसंती व्यक्त केली होती. सेनानींचे पुतळे २०२० आणि २०२१ मध्ये हलवले गेले. त्याआधी, २०१९ मध्ये, शहरातील बुलेव्हार्ड या हमरस्त्याला आर्थर ॲश यांचे नाव देण्यात आले. तो रस्ता एका टोकाला बर्ड पार्कपाशी येतो, जेथील टेनिस कोर्टे त्यांच्या लहानपणी फक्त गोऱ्यांसाठी होती.