मंद आचेवरची कॉफी

कोल्हापूरच्या घरात पाहुणा उंबऱ्याशी आला की 'चहा घेणार का?' असे सहसा कोणी विचारत नाही. 'बसा, चहा टाकलाय' एवढेच आतून सांगितले जाते. चहावरचे हे प्रेम जुने आहे आणि त्याला इतिहासाचाही आधार आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पन्हाळ्यावर चहाची लागवड झाली होती. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराजांनी स्वतः जाऊन चहा घेतला आणि अस्पृश्यतेच्या रूढीला एका कपाने हादरा दिला, ही कथा आपल्याकडे आजही अभिमानाने सांगितली जाते. अशा गावात कॉफी कायमची पाहुणीच राहिली, यात नवल ते काय? ती आठवते उपवासाला, नाहीतर सर्दीने नाक चोंदल्यावर. आणि तेव्हाही दूध, साखर, पूड सगळे एकत्र खळखळा उकळायचे आणि वर जायफळ किसून टाकायचे, ही आपली ठरलेली रीत.

पण अलीकडे काही घरांच्या शोकेसमध्ये एक चकचकीत, अष्टकोनी, कमरेत बारीक असलेले भांडे दिसू लागले आहे. पुण्या-बंगळुरात नोकरी करणारा मुलगा किंवा परदेशातून सुट्टीला आलेली लेक ते हौसेने आणते. जाताना आई-बाबांना घाईघाईत कृती समजावते. ती गेल्यावर पहिल्या दिवशी कौतुकाने कॉफी होते, ती जहर कडू लागते आणि भांडे शोकेसमध्ये जाऊन बसते. 'आपल्याला नाही बाई ते जमत' असा निकाल लागतो. खरे तर दोष ना भांड्याचा, ना आई-बाबांचा. चहा उकळायच्या सवयीने आपण कॉफीही उकळतो, घोटाळा तिथेच होतो.

या भांड्याचे नाव मोका पॉट. इटलीतील आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये ते बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी जाहिराती करून ते घरोघरी पोचवले. रेनातो २०१६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या अस्थीही अशाच एका मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवण्यात आल्या! 'मोका' हे नाव येमेनमधल्या बंदराचे. एकेकाळी कॉफीचा मोठा व्यापार या बंदरातून चाले. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी तिथूनच सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. म्हणजे या इटालियन भांड्याच्या नावाचा धागा आपल्या शेजारच्या कर्नाटकापर्यंत येऊन पोचतो. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी आजही कर्नाटकातच पिकते.

वाफेचा खेळ

भांड्याचे तीन भाग. खाली पाण्याची टाकी, मध्ये पूड ठेवायची नरसाळ्यासारखी चाळणी आणि वर तयार कॉफी जमा होणारी किटली. खालचे पाणी तापले की टाकीतली हवा आणि वाफ फुगते, पाण्याला दाबते. पाण्याला वाट एकच, नरसाळ्याच्या नळीतून वर. जाता जाता ते पुडीतून झिरपते, तिचा अर्क घेते आणि कॉफी होऊन वरच्या किटलीत उतरते. प्रेशर कुकर वापरणाऱ्या गृहिणीला हे वेगळे समजवायला नको. कुकरसारखा सेफ्टी व्हॉल्व्हही टाकीला असतो. फरक एवढाच की कुकरमध्ये आपण शिट्टीची वाट पाहतो, इथे आवाज वाढण्याआधीच भांडे उतरवायचे असते.

हॉटेलातल्या मोठ्या यंत्रात पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या नऊपट असतो, या भांड्यात तो जेमतेम दीडपट. म्हणून ही खरी एस्प्रेसो नव्हे. पण दाट, गडद आणि सुवासिक अर्क यातून नक्की मिळतो.

पूड आणि पाणी

पूड बारीक रव्यासारखी हवी. मैद्यासारखी असेल तर चाळणी तुंबते, जाड रव्यासारखी असेल तर पाणी नुसतेच निघून जाते. फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते जरूर पाहा. चिकोरी पाण्याने फुगून चिकट होते, म्हणून या भांड्याला बिनचिकोरीची पूड बरी. झटपट विरघळणारी इन्स्टंट कॉफी तर यात कधीही घालू नका. भाजलेल्या बिया आणल्या असतील तर मिक्सर थांबत थांबत फिरवा, म्हणजे पूड तापत नाही. नंतर मैद्याच्या चाळणीने अगदी बारीक भुगा काढून टाका. एका वेळी पाव किलोच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात मसाल्यापासून दूर ठेवा. कांदा-लसणीच्या चटणीशेजारी ठेवलेली कॉफी चटणीचाच वास देते!

टाकीत पाणी गरम करूनच घाला. गार पाणी तापेपर्यंत भांड्याबरोबर पूडही तापते आणि कॉफीला करपट चव येते. पाणी व्हॉल्व्हच्या खाली राहिले पाहिजे. चाळणी पुडीने काठोकाठ भरा, बोटाने सपाट करा, पण दाबू नका. टाकी गरम असते, तेव्हा फडक्याने धरून वरचा भाग घट्ट फिरवा.

आता गॅस. लहान बर्नर, आच मंद. भांड्याचा बूड लहान असल्याने ते शेगडीवर डुगडुगते, म्हणून खाली फुलक्याची जाळी ठेवावी. अॅल्युमिनियमचे भांडे साध्या इंडक्शन शेगडीवर चालत नाही. झाकण उघडे ठेवून पाहत राहा. पाच-सात मिनिटांत गडद तपकिरी धार मधासारखी उतरू लागते. ती फिकट, पिवळसर झाली की लगेच भांडे उतरवा आणि बूड ओल्या फडक्यावर टेकवा. गुरगुर आवाज सुरू झाला म्हणजे पाणी संपत आले, आता जळती वाफ पुडीतला उरलासुरला कडूपणा ओढून आणते आहे. पहिल्या दिवशीची जहर कॉफी नेमकी या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तयार झालेली असते.

आणखी एक खुलासा. तीन कपांचे भांडे म्हणतात त्यातले कप इटालियन, सुमारे ५० मिलिलिटरचे. आपला एक मोठा मग भरला की संपले. आणि भांडे अर्धेच भरून चालत नाही, म्हणून घरात माणसे किती ते पाहून माप घ्यावे.

दूध मात्र आपले

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरला कोणाकडून शिकायची गरज नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिणारे हे गाव. फक्त दूध वेगळे तापवा, अर्कात घालून पुन्हा उकळू नका. एक भाग कॉफीला दोन भाग दूध पुरते. म्हशीचे दूध दाट असल्याने थोडे कमीही चालेल. साखर घालण्याआधी एक घोट कोरा घेऊन पाहा. कडू लागली तर आच कमी करा, पाणचट लागली तर पूड थोडी बारीक करा. दोन-तीन दिवसांत आपले माप आपल्याला सापडते.

भांडे राखेने किंवा तारेच्या घासणीने घासू नये, नुसत्या कोमट पाण्याने विसळून सुटे करून वाळवावे. रबरी वायसर कडक झाला की बदलावा. एवढीच निगा.

यामुळे जायफळाची कॉफी मोडीत काढायची का? मुळीच नाही. आजीच्या हातची ती कॉफी हा एक स्वतंत्र, सुरेख पदार्थ आहे. पण तिच्यात आपण दूध, साखर आणि जायफळ चाखतो. डोंगरउतारावर सावलीत वाढलेल्या, हातांनी वेचलेल्या त्या बीची स्वतःची चव चाखायची राहूनच जाते. रविवारच्या निवांत सकाळी, घरातली माणसे उठण्याआधी, मंद आचेवर दहा मिनिटे उभे राहिलात तर ती चव तुमच्या ओट्यावर उतरेल. दुपारी पाहुणे आले तर चहा आहेच.