लेथवरचा हात

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात हिलरिक कुटुंबाचा लाकूडकामाचा कारखाना होता. पलंगाचे खांब, जिन्याचे कठडे आणि लोणी काढायच्या घुसळण्या हा त्यांचा माल. कंपनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा किस्सा १८८४ सालचा. मालकांचा मुलगा बड बेसबॉलचा सामना बघायला गेला आणि गावचा लाडका फलंदाज पीट ब्राउनिंग याची बॅट मोडली. बडने सामन्यानंतर त्याला थेट कारखान्यात आणलं, अ‍ॅशचं लाकूड लेथवर चढवलं. थोडं कातायचं, ब्राउनिंगच्या हातात द्यायचं, त्याने फिरवून बघायचं, पुन्हा कातायचं. दुसऱ्या दिवशी ब्राउनिंगने त्या बॅटीने तीन हिट मारले म्हणतात.

बडच्या वडिलांना हा सगळा पोरखेळ वाटे, त्यांचा जीव घुसळण्यांत! पण १८९४ मध्ये त्यांच्या बॅटींसाठी ‘लुईव्हिल स्लगर’ हे नाव नोंदवलं गेलं आणि आज तो कारखाना ओळखला जातो तो बॅटींमुळेच.

ब्राउनिंग आपल्या बॅटींना बायबलमधली नावं ठेवायचा. प्रत्येक बॅटीच्या नशिबी ठरावीकच हिट असतात, असं तो मानायचा. तेवढे झाले की ती बॅट निवृत्त.

नंतरच्या काळातल्या टेड विल्यम्स या फलंदाजाचं बॅटींवरचं प्रेम वेगळ्या जातीचं. कारखान्यात येऊन लाकूड तो स्वतः निवडायचा. एकदा त्याने बॅटी परत पाठवल्या, मूठ बरोबर लागत नाही म्हणून. मोजमाप घेतलं तर फरक निघाला इंचाच्या पाच सहस्रांशांचा. मापयंत्राच्या आधी त्याच्या तळव्याला कळलं होतं.

बॅटीवरच्या छापाचंही एक शास्त्र आहे. अ‍ॅशच्या बॅटीवर कंपनीचा छाप लाकडाच्या कमजोर बाजूला उमटवतात. खेळताना छाप वर ठेवला की चेंडू भक्कम बाजूवर बसतो. वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेत एकदा यांकीज संघाचा कॅचर योगी बेरा याने फलंदाज हँक अ‍ॅरनला टोकलं, छाप वर धर, वाचता आला पाहिजे. आपण इथे वाचायला नाही, मारायला आलोय, असं अ‍ॅरनचं उत्तर.

पुढे मेपलच्या लाकडाचा जमाना आला. २००१ मध्ये फलंदाज बॅरी बाँड्सने मेपलच्या बॅटीने ७३ होमरन मारले आणि सगळ्यांना मेपल हवंसं झालं. पण अ‍ॅशच्या लाकडातल्या रेषा डोळ्यांना स्पष्ट दिसतात, मेपलच्या दडून राहतात. रेषा तिरकी असली की बॅट दुभंगते आणि टोकदार तुकडा मैदानात भिरभिरत जातो. २००८ मध्ये असे प्रकार इतके वाढले की लाकूडतज्ज्ञांना बोलवावं लागलं. त्यांचा उपाय साधा होता. मुठीवर शाईचा एक थेंब टाकायचा. शाई रेषेच्या वाटेने पसरते. ती वाट तीन अंशांपेक्षा जास्त कलली, तर बॅट बाद. मेपलचा छापही तेव्हापासून पाव वळसा फिरवून उमटवतात, कारण त्याची भक्कम बाजू वेगळी.

इकडे अ‍ॅशवर संकट आलं आहे. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्याने अमेरिकेतली कोट्यवधी अ‍ॅशची झाडं मारली. ज्या लाकडाने हा खेळ मोठा केला, तेच दुर्मीळ होत चाललंय, याची हळहळ वाटते.

पुढच्या वेळी टीव्हीवर बेसबॉल दिसला, तर चेंडूमागे धावण्याआधी बॅटीची मूठ बघा. बॅट मेपलची असेल तर तिथे तो शाईचा ठिपका दिसेल. लाकडाची परीक्षा घेऊनच कारागिराने ती बॅट मैदानात पाठवली आहे, याची ती खूण.