डिसेंबरचा शेवटचा भाव

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर एक ठरावीक चौकट येते. वर्षाच्या सुरुवातीला सेन्सेक्स कुठे होता, आज कुठे आहे. सोने किती चढले, रुपया किती घसरला. शेजारी टोकियो, हाँगकाँग, सेऊल, सिंगापूरचे आकडे आणि खाली नव्या वर्षाविषयी जाणकारांचे अंदाज. दिवाळी अंकातले वार्षिक राशिभविष्य ज्या उत्सुकतेने वाचावे, त्याच उत्सुकतेने मी ही चौकट वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. मात्र हळूहळू एक प्रश्न सतावू लागला. वर्षाचा म्हणून जो आकडा छापला जातो, तो ठरवतो कोण? त्या दिवशी बाजारात हजर तरी किती जण असतात?

खरे तर साऱ्या आशियाचे वर्ष एकाच दिवशी संपत नाही. हाँगकाँग आणि चीनची मोठी सुट्टी असते ती चांद्र नववर्षाची, जानेवारी-फेब्रुवारीत. नाताळच्या आणि ३१ डिसेंबरच्या आदल्या-मागल्या गडबडीत हाँगकाँगचा बाजार २४ आणि ३१ तारखेला दुपारीच बंद होतो. सेऊलचा बाजार ३१ डिसेंबरला उघडतच नाही. आपल्या मुंबईत नाताळची सुट्टी असते, पण ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे शनिवार-रविवार नसतील तर नेहमीसारखे कामाचे दिवस. आपल्या व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीला बदलते आणि सरकारचे ३१ मार्चला. मुंबई शेअरबाजारात १९५७ पासून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात, तेही तासाभराचे.

टोकियोत मात्र इंग्रजी वर्षअखेर थाटात साजरी होते. वर्षातल्या शेवटच्या सत्राला तिथे ‘दाईनोकाई’ म्हणतात. सत्र संपल्यावर एखाद्या नामवंत पाहुण्याच्या हस्ते घंटेचे पाच टोले दिले जातात. पाच धान्ये भरभरून पिकोत, अशी त्यामागची प्रार्थना. मग ३ जानेवारीपर्यंत बाजार बंद. नव्या वर्षाच्या पहिल्या सत्राला, ‘दाईहाक्काई’ला, स्त्रिया ठेवणीतले किमोनो नेसून येतात. आपल्या चोपडीपूजनाची आठवण व्हावी असाच हा सोहळा.

पंचांग कोणाचे कसेही असो, आज आशियाच्या बाजारात जो परदेशी पैसा फिरतो त्याचे पंचांग लंडन-न्यूयॉर्कचे आहे. तिथले व्यवस्थापक नाताळपासून रजेवर जातात. मोठे सौदे आधीच उरकलेले असतात. मग आठ-दहा दिवस आशियात बाजार उघडे असतात, पण उलाढाल रोडावलेली.

उलाढाल रोडावली म्हणून काय बिघडते? आपल्या मंडईतच पाहा. मुसळधार पावसाच्या दिवशी दोनच भाजीवाल्या बसलेल्या असतात आणि कोथिंबिरीची जुडी चौपट भावाने जाते. तो भाव खोटा नसतो; कोणीतरी पैसे मोजून जुडी नेलेली असते. पण तो त्या दिवसाचा, त्या दोन भाजीवाल्यांचा आणि तीन गिऱ्हाइकांचा भाव असतो. त्यावरून कोणी वर्षभराच्या स्वयंपाकाचा हिशेब मांडत नाही. शेअरबाजारातही हेच. घेणारे-विकणारे थोडे असले की एखादा मध्यम सौदासुद्धा भाव भलतीकडे ढकलतो.

३ जानेवारी २०१९ ची पहाट याचा उत्तम दाखला. जपानमध्ये नववर्षाची सुट्टी होती. आदल्या दिवशी अ‍ॅपल कंपनीने आपली विक्री अंदाजापेक्षा कमी होईल असे जाहीर केले. चलनबाजार कुठे ना कुठे चालूच असतो, पण त्या वेळी न्यूयॉर्क झोपायला गेलेले आणि टोकियो सुट्टीवर. १०९ येनच्या आसपास असलेला डॉलर काही मिनिटांत १०५ येनच्या खाली कोसळला आणि बराचसा पुन्हा सावरलाही. ज्यांनी त्या दिवशी सकाळी उशिरा डोळे उघडले त्यांना काही घडल्याचेही कळले नसते. पण जपानमध्ये घरबसल्या, उसन्या पैशावर चलनाचे सौदे करणाऱ्या सामान्य लोकांचा मोठा वर्ग आहे. अर्थजगत त्यांना ‘मिसेस वातानाबे’ या टोपणनावाने ओळखते, कारण त्यांत गृहिणी पुष्कळ. भाव एका पातळीखाली गेला की त्यांचे सौदे यंत्र आपोआप तोडून टाकते. त्या काही मिनिटांत अनेकांचे सौदे असे तुटले. भाव परत आला. गेलेले पैसे परत आले नाहीत.

ही झाली मिनिटांची गोष्ट. आता चौतीस वर्षांची ऐका.

२९ डिसेंबर १९८९, शुक्रवार. टोकियोची दाईनोकाई. त्या काळी या दिवशी अर्धाच दिवस सौदे होत. २२५ कंपन्यांवर आधारलेला निक्केई निर्देशांक बंद झाला ३८,९१५.८७ वर. हा तोवरचा उच्चांक होता. वर्षभरात निर्देशांक सुमारे २९ टक्के वाढला होता. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला, निर्यातदार धास्तावले, म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत उतरवत १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. स्वस्त कर्जाचा पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये गेला. जमीन महागली म्हणून तिच्या तारणावर आणखी कर्ज मिळाले, ते पुन्हा शेअरमध्ये आले. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत साऱ्या कॅलिफोर्नियाच्या जमिनीहून अधिक भरेल, असे त्या काळी गमतीने आणि अभिमानाने सांगितले जाई.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबरला, मध्यवर्ती बँकेचे नवे गव्हर्नर यासुशी मिएनो यांनी व्याजदर पावणेचार टक्क्यांवरून सव्वाचार टक्के केला. चारच दिवसांनी निर्देशांकाने उच्चांक गाठला. घंटा वाजली, टाळ्या झाल्या, लोक घरी गेले.

४ जानेवारीपासून घसरण सुरू झाली. १९९० संपले तेव्हा निक्केई २४ हजारांच्याही खाली होता. १० मार्च २००९ ला तो ७,०५४.९८ वर बंद झाला, म्हणजे उच्चांकाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. १९८९ चा तो आकडा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. त्या दाईनोकाईला तिशीत असलेला नोकरदार तोवर चौसष्ट वर्षांचा झाला होता. मधल्या काळात त्याला लाभांश मिळाला असेल, दर वर्षी थोडे थोडे घेत गेला असेल तर स्वस्तातले शेअरही पदरात पडले असतील. पण ज्याने त्या डिसेंबरात सारी पुंजी एकदम लावली, त्याचे घर, मुलांचे शिक्षण, म्हातारपण या सगळ्या गोष्टी निर्देशांकासाठी थांबून राहिल्या नसणार.

सेऊलचा डिसेंबर याच्या नेमका उलटा. १९९७ च्या जुलैत थायलंडचे चलन गडगडले आणि पाहता पाहता आग कोरियापर्यंत पोचली. कोरियाच्या बँकांनी परदेशांतून थोड्या मुदतीची डॉलरमधली कर्जे घेऊन ती उद्योगांना लांब मुदतीने दिली होती. महिन्याच्या बोलीवर हातउसने घेऊन घर बांधायला काढावे, तसा हा प्रकार. उसने देणाऱ्यांनी एकाच वेळी तगादा लावला. ३ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि इतरांच्या सुमारे ५८ अब्ज डॉलरच्या मदतीचा करार झाला, तरी घबराट थांबेना. १८ डिसेंबरला किम दे-जुंग राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा देशाच्या गंगाजळीत वापरता येण्याजोगे जेमतेम चार अब्ज डॉलर उरले होते. नाताळच्या तोंडावर एका डॉलरला जवळजवळ २,००० वॉन मोजावे लागले. वर्षारंभी साडेआठशेच्या आसपास पुरत होते.

जग सुट्टीवर असताना न्यूयॉर्कमध्ये बँकर्सच्या बैठका झाल्या. २४ डिसेंबरला दहा अब्ज डॉलर लवकर देण्याची घोषणा झाली आणि कर्जाची मुदत वाढवून द्यायला परदेशी बँका राजी झाल्या. जानेवारीअखेर सुमारे २४ अब्ज डॉलरची अल्पमुदतीची कर्जे लांब मुदतीत बदलण्याचे ठरले.

त्याच जानेवारीत कोरियन कुटुंबे रांगा लावून सोने देत होती. लग्नातल्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला देतात त्या सोन्याच्या अंगठ्या. सोन्याचे पैसे त्यांना वॉनमध्ये मिळत, सोने परदेशी विकून देशाला डॉलर मिळत. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोने जमवले. १९९१ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले होते, ते ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचे वजन कळेल. तरीही हिशेब हिशेबाच्या जागी: या सोन्याचे झाले दोन अब्ज डॉलरच्या आसपास. देश तरला तो मुख्यतः कर्जाची तारीख पुढे गेल्यामुळे. पुढे लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, पण ऑगस्ट २००१ मध्ये नाणेनिधीचे कर्ज मुदतीआधीच फिटले.

आता सेऊलचे वर्षअखेरीचे आकडे बघा. १९९७ संपताना तिथला निर्देशांक होता ३७६. जून १९९८ मध्ये तो २८० पर्यंत उतरला, त्या वर्षाच्या शेवटी ५६२ झाला आणि १९९९ च्या शेवटी हजाराच्या वर गेला. टोकियोच्या शेवटच्या आकड्याने स्वर्ग दाखवला होता, सेऊलच्या आकड्याने स्मशान. दोन्ही आकडे खरे होते आणि पुढच्या वर्षांबद्दल दोहोंनी काहीच खरे सांगितले नव्हते.

आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. एकदा वर्षअखेरीस मी त्यांना विचारले, “काका, नव्या वर्षात बाजार कसा राहील?” ते म्हणाले, “ते मला विचारू नकोस. काउंटरवर आम्ही ठेवीदाराला एवढंच विचारायचो, पैसे लागणार कधी?”

मला वाटते, टोकियो आणि सेऊलच्या कहाण्यांचे सार या प्रश्नात आहे. कोरिया अडचणीत आला तो देण्याची तारीख जवळ आणि येण्याची तारीख लांब होती म्हणून. मिसेस वातानाबे बुडाल्या त्या दुसऱ्याच्या पैशाला थांबण्याची सवड नव्हती म्हणून. आणि १९८९ च्या गुंतवणूकदारापाशी चौतीस वर्षे होती की चार, यावरच त्याचे सुखदुःख ठरले.

घरोघरी डिसेंबरात हिशेब होतात. जूनमध्ये मुलीची फी भरायची असेल, वर्षभरात आईचे ऑपरेशन करायचे असेल, तर तो पैसा भावाच्या चढउतारावर सोडू नये. त्याची जागा बँकेतल्या ठेवीत. जो पैसा पंधरा-वीस वर्षे लागणार नाही, त्याला एका डिसेंबरच्या भावाने ना हुरळावे ना घाबरावे. तो थोडा थोडा, दर महिन्याला घालत राहावे. आणि कर्ज काढून बाजारात उतरू नये, सुट्टीच्या आठवड्यात तर नाहीच.

वर्षअखेरीची चौकट मी याही वर्षी वाचेन. मात्र ती वाचण्याआधी घरातली वही उघडून, कोणता पैसा कोणत्या महिन्यात लागणार ते लिहून ठेवीन. बाजाराचे वर्ष ३१ डिसेंबरला संपो वा दिवाळीला. आपल्या पैशाचे वर्ष त्याची गरज पडते त्या दिवशी संपते, आणि ती तारीख कुठल्याही बाजारात ठरत नाही.